आधी कमान, मग चौक, मग भट्ट्या: ब्रिटनमधल्या मराठी मंडळांना खुले पत्र

प्रति,
ब्रिटनमधल्या मराठी मंडळांचे पदाधिकारी आणि सहलींचे बेत आखणारे सर्व सभासद यांस

सप्रेम नमस्कार.

ईस्टरची सुट्टी संपली की आपल्या मंडळांत उन्हाळी सहलींची बोलणी सुरू होतात. ठिकाणं बहुतेक ठरलेली असतात: लेक डिस्ट्रिक्ट, बाथ, स्टोनहेंज, शेक्सपियरचं स्ट्रॅटफर्ड, आणि भारतातून कुणाचे आईवडील आले असतील तर पुन्हा एकदा लंडन. लंडनहून मँचेस्टरला जाणाऱ्या कितीतरी गाड्या स्टोक-ऑन-ट्रेंटला थांबतात. तिथे आपल्यापैकी फार थोडे उतरतात. यंदा निदान एका मंडळाने तिथे उतरावं, पुढे लाँगटनला जावं आणि ग्लॅडस्टन पॉटरी म्यूझियम ही वास्तू पाहावी, ही कळकळीची विनंती करायला हे पत्र लिहिते आहे. त्यातही एक आग्रह आहे. कपबशा पाहण्यात सगळा वेळ घालवू नका, त्या दुकानातही दिसतील. तिथे इमारत पाहा.

मी व्यवसायाने वास्तुरचनाकार आहे आणि जुन्या विटांच्या इमारतींच्या दुरुस्तीची कामं करते. चर्च, उमरावांचे महाल, टाउन हॉल यांची काळजी वाहणारे या देशात पुष्कळ आहेत. कारखान्याच्या नशिबी ते क्वचित येतं. काम बंद पडलं की छपराची कौलं सरकतात, पन्हळी तुंबतात, भिंतींत ओल चढते, आणि काही वर्षांनी कुणीतरी सांगतं की आता पाडण्यावाचून इलाज नाही. व्हिक्टोरियन काळातला चिनी मातीचा अख्खा कारखाना, म्हणजे दरवाजापासून भट्टीपर्यंत सलग उभा असलेला, लाँगटनला शिल्लक आहे आणि आपण तिथून तास-दोन तासांवर राहतो.

हे शहर म्हणजे मुळात सहा गावं: टन्स्टॉल, बर्सलेम, हॅनली, स्टोक, फेंटन आणि लाँगटन. १९१० साली त्यांची एक नगरपालिका झाली आणि १९२५ साली तिला शहराचा दर्जा मिळाला. या साऱ्या भागाला ‘द पॉटरीज’ म्हणतात. इथे उत्तम पांढरी माती सापडत असेल असं कुणालाही वाटेल. इथली माती लाल-तपकिरी भांड्यांची. पांढरी माती येते थेट कॉर्नवॉलहून. इथे मुबलक होता तो कोळसा, आणि एक टन माल भाजायला त्याच्या कितीतरी पट कोळसा जळायचा. तेव्हा कोळसा मातीकडे नेण्यापेक्षा माती कोळशाकडे आणणं स्वस्त पडलं. १७७७ साली ट्रेंट अँड मर्सी कालवा पूर्ण झाला आणि माती बोटीतून येऊ लागली. तो कालवा व्हावा म्हणून इथला मातीच्या भांड्यांचा कारखानदार जोसाया वेजवुड याने जिवाचं रान केलं होतं. पुढे अठराव्या शतकाच्या अखेरीस स्टोकच्या स्पोड घराण्याने या मिश्रणात जनावरांच्या हाडांची राख घालून त्याचं प्रमाण बसवलं: निम्मी राख, उरलेल्या निम्म्यात कॉर्नवॉलची चिनी माती आणि तिथलाच चायना स्टोन हा दगड. हेच बोन चायना. लाँगटन त्यासाठीच ओळखलं जाई.

आता इमारतीकडे येते.

कारखान्याला इथले लोक पॉटबँक म्हणतात. ज्याने पुण्या-साताऱ्याकडचा जुना वाडा पाहिला आहे, त्याला पॉटबँकची मांडणी नकाशा न बघता कळेल. रस्त्याला लागून विटांची लांब इमारत, तिच्यात गाडी आत जाईल एवढी कमान, कमानीशी देवडी, आत फरसबंदी चौक आणि चौकाभोवती माड्या. वाड्याच्या चौकात तुळशीवृंदावन असतं, इथल्या चौकात भट्ट्या आहेत.

कमानीपाशी थोडं थांबा. जुन्या पॉटबँकमध्ये ये-जा करायला बहुधा हा एकच रस्ता असे. कोळसा इथूनच आत, माल इथूनच बाहेर, आणि माणसंही इथूनच. देवडीवरचा माणूस कोण कधी आलं, कोण काय घेऊन चाललं हे पाहायचा. उशीर झालेल्याला दार बंद. कमानीच्या वरची खोली मालकाच्या कचेरीची किंवा माल मांडून दाखवायची. पुष्कळ पॉटबँकमध्ये नेमक्या त्या खोलीला तीन भागांची, मधल्या भागावर अर्धगोल कमान असलेली देखणी खिडकी असते. लाँगटनच्याच किंग स्ट्रीटवर १८१९ साली बांधलेल्या बाउंडरी वर्क्सवर ती पाहता येईल. मालकाची ऐपत रस्त्यावरून दिसावी म्हणून ही खिडकी. शोभेवरचा खर्च बहुतेक तिथेच संपायचा. कमान ओलांडून आत गेलं की प्रत्येक भिंत, प्रत्येक पायरी कामासाठी आहे.

चौकाभोवतीच्या माड्या पाहिल्या की पहिली गोष्ट जाणवते ती त्यांची अरुंदी. लांबीला मोठ्या, रुंदीला जेमतेम एका खोलीच्या. हे जागेच्या टंचाईमुळे घडलेलं नाही. विजेआधीच्या काळात कारागिराच्या हातापर्यंत उजेड पोचवायचा तर खिडकीपासून फार आत बसून चालत नसे. म्हणून इमारत रुंद करण्यापेक्षा लांब करत न्यायची, आणि जागा संपली की चौकाच्या दुसऱ्या बाजूने वळवायची. जड कामं तळमजल्याला: माती पाण्यात कालवून गाळायची जागा, वाफेचं इंजिन, साच्यांची आणि सॅगरची (भाजताना माल भरायच्या मातीच्या पेट्यांची) कामं. वर घडणावळ, म्हणजे भांडी घडवायचं काम. रंगकाम आणि सोनेरी कडा काढायचं काम जिथे उजेड चांगला त्या वरच्या खोल्यांत, आणि ते बहुतेक बायकांच्या हातचं. माळ्यावर प्लॅस्टरचे साचे. ते टाकवत नसत, कारण जुन्या घाटाची मागणी पुन्हा कधी येईल याचा नेम नसे.

आणि जिने बाहेरून. हा तपशील मला फार आवडतो. आत जिना घेतला तर अरुंद खोलीतली कामाची जागा जाते, शिवाय प्रत्येक खोलीत वेगळी टोळी आणि वेगळं काम, त्यांना एकमेकांच्या खोलीतून जायची गरज नव्हती. म्हणून विटांचे किंवा लाकडाचे सरळ जिने चौकात उतरवलेले. कच्चा माल लांब फळीवर रांगेने मांडून, ती फळी खांद्यावर घेऊन माणूस एका खोलीतून दुसऱ्या खोलीत जायचा. पावसात, बर्फात, त्या उघड्या पायऱ्यांवरून, न भाजलेल्या कपांची फळी घेऊन. पायऱ्या किती झिजल्या आहेत ते पाहाल तेव्हा हे लक्षात असू द्या.

आता भट्ट्या. ग्लॅडस्टनच्या आवारात अशा चार उंच भट्ट्या उभ्या आहेत. बाटलीच्या आकारामुळे त्यांना बॉटल ओव्हन म्हणतात. बाहेरून दिसतो तो आकार म्हणजे भट्टी नव्हेच. तो विटांचा मोठा पोकळ घुमट आहे, त्याला हॉव्हल म्हणतात. काही सत्तर फुटांपर्यंत जातात. खरी भट्टी त्याच्या पोटात: जाड भिंतींची गोल खोली, वर घुमटाकार छत, बुंध्याशी चहूबाजूंनी आगीची तोंडं. हॉव्हल आणि भट्टी यांच्यामध्ये माणूस फिरेल एवढी वाट असते आणि त्या वाटेवरून भट्टीवाला रात्रंदिवस प्रदक्षिणा घालायचा. हॉव्हल तीन कामं करतो. भट्टीला वाऱ्यापावसापासून आडोसा देतो, उंचीमुळे हवा वर ओढून आगीला जोर देतो आणि धूर छपरांच्या वर नेऊन सोडतो.

भट्टीच्या अंगाला लोखंडी पट्टे आवळलेले दिसतील. त्यांना इथे बाँट म्हणतात. भट्टी तापली की विटा फुगतात, निवली की आकसतात. प्रत्येक भाजणीत हे होणार. पट्टे नसते तर भिंत उकलली असती. मी माझ्या कामात तडे भरून काढते, विटा बदलते, पण ‘ही भिंत दर खेपेला हलणारच आहे’ असं गृहीत धरून बांधलेल्या इमारती मी फार कमी पाहिल्या आहेत. या भट्ट्या गवंड्यांनी आणि भट्टीवाल्यांनी अनुभवाने बांधल्या, कुणा नामवंत वास्तुविशारदाच्या नकाशावरून नव्हे. म्हणून दोन बाटल्या सहसा सारख्या नसतात. कुणाचे खांदे रुंद, कुणाची मान लांब.

आत माल थेट आगीत ठेवत नसत. धुराने आणि ठिणग्यांनी तो डागाळला असता. जाड मातीच्या पेट्यांत तो भरायचा. ही पेटी म्हणजे सॅगर. सॅगरवर सॅगर रचून छतापर्यंत उतरंडी उभ्या करायच्या. मोठ्या भट्टीत असे दोन हजारांच्या आसपास सॅगर जात. एकेका भरलेल्या सॅगरचं वजन सुमारे पंचवीस किलो. रचणारा माणूस डोक्यावर कापडाची चुंबळ ठेवून, त्यावर सॅगर तोलून शिडी चढायचा. भट्टी भरली की दार विटांनी चिणून टाकायचं आणि आग पेटवायची. मग दोन ते तीन दिवस, दर काही तासांनी कोळसा, एकूण दहा-पंधरा टन. बोन चायनाची पहिली भाजणी साडेबाराशे अंश सेल्सियसच्या घरात जाते, झिलईची त्याहून कमी उष्णतेवर. आत किती ताप आहे हे कळायला भट्टीवाला एका फटीतून मातीची कडी बाहेर काढून ती किती आकसली ते मोजायचा. बाकी सगळं नजरेवर आणि ज्वाळेच्या रंगावर. हजारो कपांचं, म्हणजे कित्येक माणसांच्या कित्येक आठवड्यांच्या कामाचं भवितव्य त्या एका माणसाच्या जागरणावर असे.

ज्या भट्टीत जायला मोकळीक असेल तिच्या मध्यभागी उभं राहून वर पाहा. छताच्या मधोमध भोक दिसेल, आणि त्याच्या पलीकडे बाटलीच्या तोंडातून आकाश.

या वास्तूचं कौतुक करताना तिथल्या माणसांची किंमत झाकून ठेवणं मला मान्य नाही. १८४० च्या दशकाच्या सुरुवातीला बालकामगारांची सरकारी चौकशी झाली. त्या काळी साचे घेऊन तापलेल्या सुकवण-खोलीत आणि परत कारागिराकडे दिवसभर धावणारी मुलं असत. ही सुकवण-खोली घडणावळीच्या खोलीला लागूनच असते, ती पाहाल तेव्हा मुलांची ती धाव डोळ्यांपुढे आणा. कारखाना कायदा पॉटरीजला लागू व्हायला १८६४ उजाडलं. झिलईतलं शिसं अंगात भिनायचं. बोन चायनाच्या कारखान्यात त्याहून वाईट होती धूळ. पहिल्या भाजणीत वेडंवाकडं होऊ नये म्हणून माल चकमकीच्या बारीक पुडीत रोवून ठेवत, आणि भट्टीतून निघाल्यावर ती पूड घासून झटकायचं काम बायका करत. ती फुप्फुसांत जाऊन बसली की सुटका नव्हती. अरुंद खोल्या, बंद खिडक्या, वाळलेल्या मातीची जमीन: ज्या रचनेने उजेड दिला तिनेच धूळही कोंडून ठेवली. इमारत सलग उभी असल्यामुळेच हे समजतं. एकटी कपबशी काचेच्या कपाटात ठेवली तर तिच्यात हे काहीही दिसत नाही.

माझं मुख्य म्हणणं इथेच आहे. पॉटरीजमध्ये एकेकाळी अशा दोन हजारांहून अधिक भट्ट्या होत्या. दुपारी अंधार व्हावा इतका धूर. १९५६ च्या स्वच्छ हवा कायद्यानंतर आणि गॅस-विजेच्या भट्ट्या आल्यावर त्या झपाट्याने पडल्या. आज सत्तेचाळीस उभ्या आहेत. त्यांना कायद्याचं संरक्षण आहे, लोकांनाही त्यांचा अभिमान आहे, शहराची ओळख म्हणून त्यांची चित्रं सगळीकडे दिसतात. तरी मला त्यांची काळजी वाटते, कारण पुष्कळ ठिकाणी बाटली राखून भोवतीचं सगळं गेलं आहे. बाजूच्या माड्या, जिने, चौक, कमान हटवून मोकळ्या जागेत एकटी बाटली उभी राहते, भोवती गाड्या लावायची जागा किंवा नवी घरं. फोटो छान येतो. पण माल कुठून आला, कुणी वाहिला, कुठे गेला हे विचारलं तर ती सांगू शकत नाही.

हे टोकाला गेलं की काय होतं त्याचं उदाहरण याच शहरातल्या इट्रुरियाला आहे. जोसाया वेजवुडने १७६९ साली तिथे आपला कारखाना उघडला, त्या काळात जगभर नावाजलेला. १९४० नंतर कंपनी बार्लस्टनला हलली आणि १९६० च्या दशकात जुना कारखाना पाडला. उरली ती एक छोटी गोल इमारत. ती संरक्षित आहे. पण ती नेमकी कशासाठी बांधली होती यावर आजही खात्रीने बोलता येत नाही, कारण जिच्या संदर्भाने ते कळलं असतं ती बाकीची वास्तूच शिल्लक नाही. मिंटन या टाइल आणि भांडी बनवणाऱ्या कंपनीचंही तेच. आपल्यापैकी जे भायखळ्याच्या डॉ. भाऊ दाजी लाड संग्रहालयात गेले असतील त्यांनी तिथली मिंटनची नक्षीदार फरशी पाहिली असेल, २००८ साली संग्रहालय पुन्हा खुलं झालं तेव्हा तिचं किती कौतुक झालं. त्या मिंटनचा स्टोकमधल्या लंडन रोडवरचा जुना कारखाना पाडला गेला. त्या जागी सुपरमार्केट आहे. भायखळ्याला फरशी जपली गेली आणि ती जिथल्या नावाने ओळखली जाते ते आवार गेलं.

ग्लॅडस्टनवरही हीच पाळी येणार होती. १९६० च्या सुमारास तिथल्या भट्ट्या थंडावल्या आणि १९७० पर्यंत पाडकामाचं ठरत आलं होतं. स्थानिक लोकांनी धडपड केली आणि १९७१ साली एच अँड आर जॉन्सन या टाइल कंपनीचे डेरेक जॉन्सन यांनी ती जागा विकत घेऊन ती जपण्यासाठी स्थापन झालेल्या न्यासाच्या हवाली केली. जॉन्सन हे नाव आपल्याला परकं नाही. १९५८ साली भारतात सुरू झालेल्या जॉन्सन टाइल्सचं मूळ हेच, आणि आपल्यापैकी कितीतरी जणांच्या माहेरच्या न्हाणीघरात त्या पांढऱ्या टाइल्स होत्या. पुढे काही वर्षांत ग्लॅडस्टन लोकांसाठी उघडलं आणि १९७६ साली त्याला ब्रिटनमधल्या ‘म्यूझियम ऑफ द इयर’चा मान मिळाला. जुन्या पद्धतीने कोळशावर भट्टी कशी लावतात याची नोंद राहावी म्हणून ग्लॅडस्टनच्याच मंडळींनी १९७८ च्या ऑगस्टमध्ये लाँगटनच्या हडसन अँड मिडलटन कारखान्यात एक भट्टी पेटवली. त्यानंतर तशी भाजणी झालेली नाही.

कारखान्याला ज्यांचं नाव आहे ते विल्यम ग्लॅडस्टन १८६३ साली, अर्थमंत्री असताना, बर्सलेमला आले होते. वेजवुड इन्स्टिट्यूटची पायाभरणी त्यांच्या हस्ते झाली. या इमारतीचा दर्शनी भाग पाहिल्याशिवाय परतू नका, कारण तिचा धागा थेट मुंबईला जातो. भाजक्या मातीच्या नक्षीने भरलेला तो दर्शनी भाग रॉबर्ट एडगर आणि जॉन लॉकवुड किपलिंग यांनी योजला, आणि त्यातल्या शिल्पपट्ट्यांत मातीकामाच्याच पायऱ्या कोरल्या आहेत. तरुण किपलिंग बर्सलेमच्या एका पॉटरीत काम करत होता. १८६५ साली तो मुंबईला जे. जे. कला विद्यालयात शिकवायला गेला. क्रॉफर्ड मार्केटच्या दारांवरची शेतकऱ्या-बाजारकऱ्यांची शिल्पं त्याचीच. त्याच वर्षी मुंबईत जन्मलेल्या त्याच्या मुलाचं, म्हणजे पुढे लेखक म्हणून गाजलेल्या किपलिंगचं, रडयार्ड हे नाव स्टॅफर्डशायरमधल्या एका तळ्यावरून ठेवलं, जिथे आईबापांची ओळख झाली होती. क्रॉफर्ड मार्केटमध्ये आंबे घ्यायला गेलेला माणूस बर्सलेममध्ये घडलेल्या नजरेखालून आत शिरतो, हे मला इथे राहायला आल्यावर कळलं आणि या शहराशी नातं असल्यासारखं वाटू लागलं.

वेळ असेल तर बर्सलेमजवळच्या मिडलपोर्ट पॉटरीलाही जा. ती १८८८-८९ ची. तिथे बोन चायना होत नाही, साधी पांढरी मातीची भांडी होतात, आणि बर्ले या नावाने ती आजही तिथेच बनतात, कागदावरची नक्षी हाताने मालावर उतरवून. मी ती सुचवते ती तुलनेसाठी. ग्लॅडस्टन पिढ्यान्‌पिढ्या जमेल तशी वाढत गेलेली वास्तू आहे. मिडलपोर्ट ए. आर. वुड या वास्तुविशारदाने एका दमात आखलेली आहे: कालव्यावर माती उतरली की ती एका ओळीने पुढे पुढे सरकत जावी, उगाच मागे फिरू नये, अशी. सात भट्ट्यांपैकी तिथे एकच उरली, पण बाकीचं आवार जवळपास सगळं आहे. २०११ साली ती बंद पडण्याच्या बेतात होती. एका वारसा न्यासाने इमारत विकत घेतली, दुरुस्त केली, आणि २०१४ साली ती लोकांना खुली झाली. काम थांबू न देता दुरुस्ती करता येते, याचा मी माझ्या कामात वारंवार दाखला देते.

आता तुम्हाला हे का सांगते आहे. २०२२ च्या सुरुवातीला शहर परिषदेने खर्चकपातीत ग्लॅडस्टन हिवाळ्याचे महिने बंद ठेवण्याचा प्रस्ताव मांडला. कारागीर, इतिहासकार, सामान्य नागरिक यांनी जोरदार विरोध केला. परिषदांची तिजोरी रिकामी आहे, म्हाताऱ्यांची आणि मुलांची देखभाल आधी येते, हे मला समजतं आणि त्याबद्दल मी कुणाला दोष देत नाही. पण अशा वेळी संग्रहालयाच्या बाजूने बोलायला आकडे लागतात: किती लोक आले, कुठून आले. पन्नास माणसांची आपली एक बस आली तर ती त्या आकड्यांत जाते. मंडळांच्या सचिवांनो, तुमचा एक ईमेल आणि एक बस याला तिथे खरोखर किंमत आहे.

याहून मोठी गोष्ट मतदानाची आहे. आपल्यातल्या अनेकांना ठाऊक नसतं की भारतीय पासपोर्ट असला तरी राष्ट्रकुलातल्या देशाचे नागरिक म्हणून, इथे कायदेशीर वास्तव्य असेल तर, आपल्याला इथल्या निवडणुकांत मत देता येतं, परिषदेच्याही आणि संसदेच्याही. स्टोक आणि आसपास राहणाऱ्या मराठी कुटुंबांनी यादीत नाव घालावं, आणि मत मागायला येणाऱ्याला विचारावं की जुन्या पॉटबँकांचं तुम्ही काय करणार. दुसरं असं, की बांधकामाच्या परवानगीसाठी आलेल्या अर्जावर कुणालाही लेखी मत नोंदवता येतं. तुम्ही लेस्टरला राहत असा नाहीतर स्लाउला. ‘भट्टी राखू, बाकीचं पाडू’ असा अर्ज आला की दोन ओळी लिहा: चौक, माड्या आणि बाहेरचे जिने हे त्याच भट्टीचे भाग आहेत, त्यांच्यासकट नवा वापर सुचवा. घरं होऊ द्या, कार्यशाळा होऊ द्या, शाळा होऊ द्या. अरुंद, उजेडाच्या खोल्यांना नवा उपयोग शोधणं कठीण नाही, आपण आज महागडे फ्लॅट घेताना दोन्ही बाजूंना खिडक्या आहेत का हेच तर बघतो.

वास्तुकला शिकायला इथे येणाऱ्या आपल्या मुलामुलींनाही एक सांगणं आहे. प्रबंधासाठी विषय शोधताना लंडनच्या काचेच्या मनोऱ्यांपाशी थांबू नका. पडायला आलेली एखादी पॉटबँक परवानगी घेऊन मोजा, तिचे नकाशे करा. या इमारतींतल्या पुष्कळशांचे मूळ नकाशे नाहीतच, त्या बांधणाऱ्यांच्या डोक्यात होत्या. पडण्याआधी झालेली मोजणी हीच उद्या दुरुस्तीला किंवा निदान अभ्यासाला हाताशी राहते. आणि शिकून परत मुंबईला गेलात तर गिरणगावात उरलेल्या चिमण्यांकडे बघून स्वतःला विचारा, भोवतालचा गाळा-खाता, भोंगा, चाळ हे सगळं गेल्यावर एकट्या चिमणीवरून काय कळतं.

सहलीबद्दल थोडं व्यवहाराचं. लंडनहून स्टोकला सुमारे दीड तास लागतो. तिथून डर्बीच्या दिशेने जाणारी छोटी गाडी लाँगटनला थांबते आणि स्टेशनपासून ग्लॅडस्टन चालत जाण्याजोगं आहे. जुन्या इमारतीत दुरुस्त्या निघत असतात, म्हणून तारीख पक्की करण्याआधी खुलं आहे ना ते संग्रहालयाला विचारून घ्या. फरसबंदी ओबडधोबड आहे आणि जिने उभे आहेत, तेव्हा आजी-आजोबांना घेऊन जाताना पायात सपाट बूट हवेत आणि चढउतार कुठे टाळता येते हे आधी विचारून ठेवा. अर्धा दिवस द्या, तासाभरात आटपू नका. भट्ट्या लांबून खुणावतील, पण मातीच्या वाटेने चाला: कमान, गाळणी, घडणावळ, सुकवण, मग भट्टी, मग रंगकाम. जेवायला त्या भागात ओटची धिरडी मिळतात, चीज घालून किंवा नुसती, आणि ती आपल्या लोकांना आवडतील याची मला खात्री आहे.

एखाद्या मंडळाने तारीख ठरवली तर संयोजकांमार्फत मला जरूर कळवावं. मी स्वतः येईन आणि आवार दाखवीन. मुलांसाठी भट्टीचा छेद काढलेलं चित्र माझ्याजवळ आहे, ते प्रत्येकाला देता येईल.

कळावे,
आपली,
स्टॅफर्डशायरमधली एक मराठी वास्तुरचनाकार